एकात्मीकरण चाचणी, रात्रकालीन
एकात्मीकरण चाचणी, रात्रकालीन : स्वतंत्रपणे विकसित होणारी सॉफ्टवेअरे परस्परांबरोबर नीट चालतात की नाहीत, हे ठराविक वेळी, बहुधा दर रात्री, संगणकाकरवी आपोआप तपासण्याची पद्धती. येथे तिचा विचार बांधणी साधने व मुक्तस्रोत पॅकेजे यांच्या संबंधापुरता केला आहे.

प्रोग्रॅमरने लिहिलेली मूळ संहिता बहुधा जशीच्या तशी वापरात येत नाही. ती संकलित करणे, तिला लागणारी इतरांची पॅकेजे योग्य आवृत्तीत आणून जोडणे, तिच्या चाचण्या घेणे आणि शेवटी वितरणयोग्य संच तयार करणे ही कामे क्रमाने करावी लागतात. ती करणाऱ्या साधनास बांधणी साधन म्हणतात. बेल प्रयोगशाळेत स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेले ‘मेक’ हे या वर्गातील आद्य साधन होय. पुढे जावा भाषेसाठी अँट, मेव्हन व ग्रेडल, पायथनसाठी सेटअपटूल्स, रस्टसाठी कार्गो अशी साधने आली. गूगलने आपल्या अंतर्गत साधनावर आधारलेले बेझल २०१५ मध्ये मुक्तस्रोत केले.

बांधणी साधनाचे कर्ते स्वतःच्या चाचण्या कसोशीने घेतात. परंतु तेवढ्याने भागत नाही. साधन हजारो पॅकेजांत वापरले जाते आणि त्यांचे लेखक त्याच्या ज्या वर्तनावर विसंबतात, ते सर्वच माहितीपुस्तिकेत नोंदलेले असते असे नाही. कालबाह्य ठरवलेल्या सोयी, क्वचित साधनातील दोषसुद्धा कोणाच्या तरी कामाचा आधार झालेले असतात. सेटअपटूल्सच्या २४ मार्च २०२५ रोजी प्रसृत झालेल्या ७८ व्या आवृत्तीत एका संरचना-फाइलीतील काही नावांमध्ये अधोरेषेऐवजी आडवी रेघ लिहिण्याची जुनी सवलत बंद करण्यात आली. ही सवलत जाणार, असा इशारा साधन बरीच वर्षे देत होते. तरीही अनेक पॅकेजांची बांधणी एकाएकी अडली. कारण पायथनमध्ये बांधणीच्या वेळी सेटअपटूल्सची अद्ययावत आवृत्ती आपोआप आणली जाणे सर्रास घडते. ज्या पॅकेजांच्या संहितेत एक अक्षरही बदलले नव्हते, तीही बंद पडली. त्याच दिवशी नवी आवृत्ती काढून हा बदल पुढे ढकलावा लागला. असा बिघाड प्रसारणानंतर नव्हे, तर त्याआधी दिसावा, हा या चाचणीचा हेतू होय.

इतिहास : संकलित संहितेची रोज एकदा संपूर्ण बांधणी करण्याची रीत मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत १९९० च्या दशकात रूढ झालेली होती. मुक्तस्रोत क्षेत्रात प्रश्न अधिक बिकट होता. कारण येथे पॅकेजांचे लेखक एका संस्थेचे नोकर नसतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख असेलच असेही नाही. पर्ल भाषेच्या पॅकेजांची निरनिराळ्या यंत्रांवर चाचणी करून अहवाल लेखकांकडे पाठविणारा ‘सीपॅन टेस्टर्स’ हा स्वयंसेवकांचा उपक्रम १९९८ मध्ये सुरू झाला. जावा क्षेत्रात सॅम रुबी यांनी तयार केलेले ‘गंप’ विशेष उल्लेखनीय आहे. प्रत्येक प्रकल्पाची ताजी संहिता इतर सर्वांच्या ताज्या संहितेबरोबर ते बांधून पाहत असे आणि बांधणी मोडल्यास संबंधित गटास पत्र धाडीत असे. २००४ मध्ये त्याला अपाची प्रतिष्ठानच्या स्वतंत्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

कार्यपद्धती : रात्रीच्या ठरलेल्या वेळी साधनाची त्या क्षणापर्यंतची संहिता घेऊन ते बांधले जाते व त्याच्या साहाय्याने निवडक पॅकेजांची बांधणी व चाचणी केली जाते. (‘रात्र’ हा शब्द येथे रूढीने आला आहे. अनेक ठिकाणी जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र धरतात. त्या वेळी भारतात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.) प्रत्येक लहान बदलानंतर एवढा खटाटोप करणे परवडत नाही, म्हणून तो दिवसातून एकदा करतात.

पॅकेज नापास झाले, तर दोष साधनाचा की पॅकेजाचा, हा पहिला प्रश्न. दोन्ही एकाच वेळी बदलत असल्यास त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून एक बाजू स्थिर ठेवावी लागते. बेझलच्या चाचणीत साधन ताजे घेतात, परंतु पॅकेजाची संहिता पूर्वी उत्तीर्ण झालेल्या शेवटच्या अवस्थेतील घेतात. मग नवे अपयश बहुतांशी साधनाच्या माथी येते. दोषी बदल शोधण्यासाठी द्विभाजनाची रीत वापरतात : मधल्या बदलापर्यंतची संहिता तपासून दोष अलीकडच्या अर्ध्यात आहे की पलीकडच्या, हे ठरवायचे व तो अर्धा पुन्हा विभागायचा. शंभर बदलांतून एक शोधण्यास अशा सुमारे सात चाचण्या पुरतात.

व्यवहारातील मोठी अडचण वेगळीच आहे. जाळे तुटणे, सर्व्हर न मिळणे, वेळेवर अवलंबून असलेली चाचणी कधी उत्तीर्ण व कधी अनुत्तीर्ण होणे यांमुळे खोटे इशारे मिळतात. फलकावर रोजच लाल खुणा दिसू लागल्या की त्यांकडे कोणी पाहीनासे होते आणि खरा दोष त्यांत दडून जातो. चाचण्या लिहिण्यापेक्षा त्या विश्वासार्ह ठेवण्याचे काम अधिक कष्टाचे व कमी मानाचे आहे.

निष्कर्ष हाती असूनही बिघाड टळतोच असे नाही. रस्ट भाषेसाठी ‘क्रेटर’ हे साधन जुन्या व नव्या संकलकाने असंख्य सार्वजनिक पॅकेजे बांधून दोहोंतील फरक नोंदविते. या कामास काही दिवस लागत असल्याने ते रोज चालवीत नाहीत. तत्त्व मात्र तेच आहे. २५ जुलै २०२४ रोजी आलेल्या रस्ट १.८० मध्ये प्रमाण ग्रंथालयात एक लहानशी भर होती. त्यापूर्वी एका ठिकाणी एकच प्रकार शक्य असल्याने संकलक तो स्वतः ओळखीत असे. आता एकाहून अधिक प्रकार शक्य झाल्याने त्याला निवड करता येईना. परिणामी ‘टाइम’ या अत्यंत प्रचलित पॅकेजाच्या ०.३.३५ पूर्वीच्या अनेक आवृत्त्या संकलित होईनाशा झाल्या. क्रेटरने हा बिघाड आधीच दाखविलेला होता. भाषेच्या स्थैर्यविषयक नियमांत अशा प्रकारनिश्चितीतील बदलास मुभा होती आणि टाइमची दुरुस्त आवृत्तीही उपलब्ध होती, म्हणून बदल तसाच ठेवला गेला. तथापि जुनी आवृत्ती नोंदवून ठेवलेल्या असंख्य प्रकल्पांना याची वार्ता नव्हती. त्यांना ती बांधणी अडल्यावरच कळली. नियमाच्या दृष्टीने निर्णय समर्थनीय असला, तरी झळ पोचणाऱ्यांची संख्या त्यात पुरेशी धरली गेली नाही, असे म्हणणे भाग आहे. पुढे ‘टाइमची ०.३.३५ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी’ ही सूचना संकलकाच्या त्रुटी-संदेशातच समाविष्ट करण्यात आली.