गळ नंतर, आधी तिथी!

‘ताई, समुद्र आमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर आहे आणि तू वीकेण्डला मॉलमध्ये फिरतेस!’ पोलादपूरच्या माझ्या मामेभावाचा हा फेव्हरिट डायलॉग. साहेब महाडच्या एमआयडीसीत नोकरीला. पहिल्या घसघशीत बोनसमधून लोक बाइक घेतात, याने कयाक घेतली. दोन सीटची, वर मोकळं बसायची, भडक पिवळी. आणि पुण्यात डेडलाइनशी झगडणारी मी त्याची पहिली (आणि फुकट) पार्टनर. फण्डा सिंपल होता. शनिवारी निघायचं, रविवारी पहाटे पाण्यात उतरून गरवायचं आणि रात्री मामीच्या हातचं कालवण.

प्रश्न एकच, कयाक पाण्यात घालायची कुठे?

‘दारात सावित्री आहे की!’ ही माझी पहिली आयडिया. मामाने ती चहाच्या घोटाबरोबरच संपवली. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. पावसाळा सरला की पोलादपूरला नुसते दगड आणि डोह, आणि महाडच्या पाण्यात मगरी. हो, खऱ्याखुऱ्या! थंडीत सकाळच्या उन्हाला काठावर येऊन निवांत पडलेल्या दिसतात. कयाकमध्ये आपण पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच बसलेलो असतो, वर गळाला तडफडणारा मासा. नकोच ते!

आणि पावसाळ्यातल्या सावित्रीचं तर नावही काढायचं नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि काही गाड्या नदीत गेल्या. शोध घेता घेता मृतदेह मिळाले ते पार हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ल्यापर्यंत. 2021 च्या जुलैमध्ये अख्खं महाड पाण्याखाली होतं. इथली माणसं नदीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, ते उगाच नाही.

मग आम्ही हुशारी केली. मगरी नकोत ना, मग थेट खाडीच्या तोंडाशी जाऊ! बाणकोट खाडीत बागमांडल्याच्या बाजूने उतरलो. लाटा नाहीत, पाणी तळ्यासारखं गुळगुळीत, गाडी पाण्याच्या जवळपर्यंत जाते. आयडियल स्पॉट, असं आम्ही एकमेकांना तीनदा तरी सांगितलं असेल. सकाळचे सात वाजले होते. गळ टाकले, थर्मासमधली कॉफी काढली. कयाक आपोआप पुढे सरकत होती. वल्हवायलाही लागत नाही, काय मस्त!

अर्ध्या तासाने डावीकडचा बाणकोटचा किल्ला मागे गेला होता आणि समोर फेस दिसत होता. खाडीच्या तोंडावर, जिथे बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटांना भिडतं, तिथला. आम्ही वळलो, वल्ही मारली, जीव खाऊन मारली. किनारा तिथेच. दहा मिनिटांनी माझे हात अक्षरशः उचलेनात. भाऊ एरवी गप्प बसत नाही, तो गप्प होता. शेवटी मासेमारीहून परतणाऱ्या एका होडीतल्या काकांनी दोर फेकला.

त्यांनी ओरडायला हवं होतं, ओरडले नाहीत. दोर बांधता बांधता एवढंच विचारलं, ‘पोरी, आज तिथी कुठली?’

मला तारीखही धड आठवत नव्हती. नवमी होती.

परतीच्या वाटेवर काकांनी जे शिकवलं, ते कुठल्या कोर्समध्ये मिळालं नसतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. नवमी, म्हणजे पावणेसात. त्यानंतर सहा तास ओहोटी. म्हणजे आम्ही बरोब्बर पाणी बाहेर निघताना खाडीत उतरलो होतो. त्यात पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ना, तेच! पाणी आणि वारा, दोघंही आम्हाला बाहेर ढकलत होते आणि आम्ही कॉफी पीत होतो.

हा हिशेब ढोबळ आहे. जागेप्रमाणे वेळ थोडी पुढेमागे होते, खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं ॲप बघायचंच. पण दिवस ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. एकादशीला भरती सव्वाआठला, द्वादशीला नऊला. म्हणजे उजाडल्यावर उतरलात तर पाणी तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलतं आणि परतता तेव्हा ते वर आलेलं असतं. पंचवीस-तीस किलोचं धूड ओल्या वाळूतून लांबवर वाहून न्यावं लागत नाही (हा मुद्दा पाठीला विचारा!). पौर्णिमा-अमावास्येला सकाळी भरतीच असते, पण ते उधाण, ओढ जबरदस्त. नवख्यांनी लांबच राहावं.

आता जागा. खाडीचं तोंड बाद, ते कळलंच. हरिहरेश्वर दिसायला भन्नाट, पण देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटा खडकांवर कशा आपटतात ते एकदा बघा. कयाक तिथे न्यायची नाही. जेटीवरून उतरणं सोपं, पण फेरीबोटीच्या वाटेत तुम्ही ठिपकाही नसता. आम्ही शेवटी श्रीवर्धनवर आलो. लांब, सपाट वाळू, उतार हळू, माणसांची वर्दळ, आणि जवळच जीवना बंदर. बंदरातल्या बोटींच्या वाटेपासून बाजूला, पण त्यांच्या नजरेत, असं उतरायचं. आधी कोळीवाड्यात जाऊन विचारायचं, जाळी कुठे लावलीत, पाण्याखाली खडक कुठे. एका चौकशीत जे कळतं ते गुगल मॅपवर दिसत नाही. आणि पोचल्यावर लगेच उतरायचं नाही. पंधरा मिनिटं नुसतं बघत बसायचं. लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत. जिथे फुटत नाहीत आणि पाणी गढूळ दिसतं, तो सोपा दरवाजा वाटतो, पण पाणी तिथूनच बाहेर ओढतं.

दहाच्या आत बाहेर. त्यानंतर खारा वारा जोर धरतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज देते, तो आदल्या रात्री बघायचा. जून-जुलैत यांत्रिक बोटींनाही समुद्रबंदी असते, मग आपली काय कथा! लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. शिटी गळ्यात. तटरक्षक दलाचा 1554 फोनमध्ये, फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. उलटलेल्या कयाकवर परत चढायची प्रॅक्टिस आम्ही ओळखीच्या एका रिसॉर्टच्या स्विमिंग पूलमध्ये केली. लोक हसले. हसू देत.

बाणकोटनंतर भाऊ महिनाभर कयाककडे बघत नव्हता. तिला अंगणात ताडपत्रीखाली घातली होती. मग एक दिवस त्यानेच फोन केला, ‘ताई, पुढची एकादशी रविवारी आलीय.’

गेलो. साडेसहाला उतरलो, किनाऱ्यापासून हाक ऐकू जाईल इतक्याच अंतरावर राहिलो. दोन शेंगाळे आणि एक छोटीशी तांबोशी. सव्वानऊला परत. घरी आलो तर आजी दारात उभी. एकादशीला मासे? तिने पिशवीला हातही लावू दिला नाही. मासे फ्रीझरमध्ये गेले आणि रविवारी रात्री मी साबुदाण्याची खिचडी खाऊन पुण्याची एसटी पकडली.

द्वादशीला मामीने कालवणाचा फोटो पाठवला.