पाणी देणं म्हणजे पाण्यात बुडवणं नव्हे

लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय. त्यामुळे रानात मुक्कामाला नेण्यासाठी घरीच मोठा सुरा करायला बसलेला माणूस तापलेलं पातं सरळ बादलीत घालतो. मीही घातलं होतं. गाडीच्या जुन्या पाट्यातून तीन रविवार कापून, घासून काढलेलं पातं होतं ते. पाण्यात गेलं, वाफ उसळली आणि त्या गोंगाटातही काचेवर नख वाजावं तसा बारीक ‘टिंग’ ऐकू आला. पुसून पाहिलं, तर धारेपासून जवळजवळ पाठीपर्यंत केसाएवढी रेघ. पातं गेलं.

पाणी देणं म्हणजे तापलेलं पोलाद झटकन थंड करून कठीण करणं. ते कशात थंड करायचं, हे पोलादाच्या जातीवर ठरतं. गाडीच्या पाट्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो आणि सोबत क्रोमियम किंवा सिलिकॉन, मँगॅनीज. असं पोलाद त्यामानाने सावकाश थंड झालं तरी कठीण होतं. पाण्याचा वेग त्याला सोसत नाही. कठीण होताना पोलाद किंचित फुगतं. वरचा थर आधी कडक होतो, आतला मागाहून फुगतो आणि त्या कडक थराला ताणून फोडतो. म्हणून इथे तेल हवं, तेही ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. कोमट तेल पातळ होतं, पात्याभोवती नीट फिरतं आणि गार तेलापेक्षा चांगलं काम करतं. भांडं मात्र धातूचं, खोल आणि घट्ट झाकणाचं असावं. तेल पेट घेऊ शकतं, आणि तेव्हा झाकण हाताशी असावं लागतं.

‘जितकं लालभडक, तितकं चांगलं’ हाही असाच समज. उन्हात केशरी दिसणारं आणि सावलीत केशरी दिसणारं पोलाद यांच्या तापमानात मोठा फरक असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. चुंबक वापरावा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून रंग थोडासाच उजळू द्यायचा आणि पातं तेलात घालायचं. त्याहून फार तापवलं तर आतला कण वाढतो आणि पातं ठिसूळ होतं.

तेलातून काढलेल्या पात्यावर कानस घासली की ती काचेवरून जावी तशी घसरते. इथे अनेकांना वाटतं, काम झालं. खरं तर या क्षणी पातं सर्वांत नाजूक असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतील. ते लगेच ओव्हनमध्ये २०० ते २३० अंशांवर दोन तास ठेवायचं, थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावरचा आकडा नेहमी खरा नसतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. पात्यावर गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग चढतो. काठिण्याचा थोडा भाग जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो.

मोठ्या सुऱ्याचं सगळं मोल या चिवटपणात आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाती घडवणाऱ्यांची संस्था १९७६ साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत सुमारे १० इंची पात्याने आधी टांगलेला एक इंच जाड दोर एका घावात तोडायचा, मग दोन बाय चार इंची लाकूड दोनदा तोडायचं, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे. शेवटी तेच पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचं. ते मोडता कामा नये. नुसतं कडक पातं केस काढेल, पण वाकवताना तुटेल. रानात बाभळीच्या गाठीवर टवका उडालेला सुरा काय कामाचा?

घणाने ठोकल्याशिवाय पातं मजबूत होत नाही, हेही खरं नाही. कारखान्यातून आलेली पट्टी आधीच दाबून, लाटून निघालेली असते. ठोकण्याने आकार येतो, माल वाचतो. ताकद येते ती उष्णतेच्या कामातून. कानस आणि ग्राइंडर एवढ्यावरही उत्तम सुरा होतो. फक्त पाणी दिल्यानंतर ग्राइंडरवर धारेला निळा रंग चढू देऊ नका. तिथे पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलेलं असतं आणि तेवढी धार मऊ पडलेली असते. उघडी बोटं पात्यावर ठेवावीत, चटका लागला की पातं पाण्यात बुडवावं. पाण्याची बादली हवी ती इथे.

बांधकामाची सळई किंवा अँगल यांचा सुरा होत नाही. त्यांत कार्बन फार कमी. जुना पाटा चालतो, पण वर्षानुवर्षं हादरे खाऊन त्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. नवशिक्याने जात माहीत असलेली नवी पट्टीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. जाडीचा सोसही नको. पाठीला ५ मिलिमीटर पुष्कळ. त्याहून जाड पातं लाकडात शिरण्याऐवजी पाचरीसारखं अडतं. पात्यावरचा खोल पन्हाळ रक्त वाहून जाण्यासाठी असतो, ही निव्वळ दंतकथा आहे. तो वजन कमी करतो.

‘घरी केलेल्या सुऱ्याला कायदा लागत नाही’ हा समज मात्र महागात पडेल. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी नसलेलं, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं. शिवाय पोलिसांचा मनाईहुकूम लागू असेल तिथे सुरा घेऊन फिरणं हाच गुन्हा ठरू शकतो. माप आखतानाच हे ध्यानात घ्या.

आणि पातं तेलात घालण्यापूर्वी त्याच पट्टीचा बोटभर तुकडा तापवा, तेलात थंड करा, फडक्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून व्हाइसमध्ये मोडून पाहा. मोडलेली कड साखरेसारखी चमचमली तर आच जास्त झाली. राखाडी, मखमली दिसली, तरच पात्याला हात घाला.