मधुमेह, पण कोणत्या प्रकारचा?

धान्याच्या व्यापारात पोत्यावरील चिठ्ठी वाचून कोणी भाव ठरवीत नाही. आतील नमुना हातावर घेऊन पाहावा लागतो. घरच्या माणसाच्या आजारात मात्र आम्हांस याचा विसर पडला, आणि त्याचा त्रास आमच्या धाकट्या बंधूंनी सोसला. म्हणून व्यापारी बंधूंसाठी हे लिहीत आहोत.

२०१८ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांच्या रक्तात साखर आढळली. चाळिशीनंतरचा मधुमेह तो दुसऱ्या प्रकारचाच, असे धरून गोळ्या सुरू झाल्या. बंधू अंगाने कृश. तथापि आपल्या देशात कृश माणसांतही दुसरा प्रकार पुष्कळ आढळतो, तेव्हा डॉक्टरांस सर्वस्वी दोष देता येत नाही. काही महिने बरे गेले. पुढे गोळ्या वाढल्या, साखरही वाढली, वजन मात्र उतरत चालले. आम्ही पेढीवर, गिऱ्हाइकांदेखत, त्यांस बोलत असू, "तू चोरून गोड खातोस, दुसरे काय!" ते बिचारे चहासुद्धा बिनसाखरेचा घेत होते.

२०१९ च्या दशलक्षण पर्वात त्यांनी उपवास धरला. तिसऱ्या दिवशी उलट्या व धाप लागली. श्वासाला नासलेल्या फळांसारखा वास येत होता. रुग्णालयात समजले की, इन्सुलिनच्या अभावी देह साखर वापरू शकत नव्हता, चरबी जाळीत होता, आणि त्यातून रक्तात आम्ल साचले होते. उपवास हे निमित्त झाले; मूळ निराळेच होते.

पहिल्या प्रकारात देहाची संरक्षक शक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा बालकांचा आजार अशी समजूत आहे. वस्तुतः तो कोणत्याही वयात जडतो. प्रौढांत हा नाश पुष्कळदा संथपणे चालतो, आणि तोवर गोळ्यांनी गुण आल्याचा भास होतो. थेरेसा मे या ब्रिटनच्या गृहमंत्री असताना २०१२ साली, ५६ व्या वर्षी, त्यांचाही आजार प्रथम दुसऱ्या प्रकारचा ठरला होता. गोळ्यांचा उपयोग होईना, तेव्हा फेरतपासणीत पहिला प्रकार निघाला. इन्सुलिन घेतच त्या २०१६ साली पंतप्रधान झाल्या.

निवाडा करण्यास रक्ताच्या दोन तपासण्या उपयोगी पडतात. जीएडी प्रतिपिंडांवरून देहाचा आपल्याच पेशींवरील हल्ला कळतो. सी-पेप्टाइडवरून स्वतःचे इन्सुलिन किती उरले ते कळते. तरीही पहिल्या प्रकारच्या काही रोग्यांत प्रतिपिंडे सापडत नाहीत, आणि आरंभी सी-पेप्टाइड मध्यमच निघते. अशा वेळी काही काळाने पुन्हा तपासावे लागते. बंधूंची प्रतिपिंडे निघाली, सी-पेप्टाइड अगदी थोडे.

इन्सुलिन म्हणताच मातुःश्रींनी हात जोडले. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढीत, हे त्यांच्या कानी होते, आणि ते खरेही होते. परंतु १९८२ पासून मानवी इन्सुलिन सूक्ष्मजीवांकरवी तयार होऊन बाजारात आले, व आता मिळणारे बहुतेक त्याच रीतीचे असते. हे डॉक्टरांनी त्यांस शांतपणे समजावून दिले, तेव्हा त्यांची संमती मिळाली.

क्षमावाणीच्या दिवशी बंधू नुकतेच घरी आले होते. त्या चोरट्या गोडाच्या आरोपाबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, "दादा, आता माझ्या चहाच्या कपात डोकावू नका म्हणजे झाले."