चेंडू सोडायला शिकवणारे रहीमसाहेब

कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या मुलाला फुटबॉल कोणी शिकवावा लागत नाही, तो आपोआप लागतो. माझेही तसेच झाले. आमच्याकडे तीन जणांना चकवणारा पोरगा शहाणा. मग चौथ्याने चेंडू काढून घेतला तरी बिघडत नाही, टाळ्या तोवर वाजून गेलेल्या असतात.

गेल्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मी नेमके हेच केले. तिघांना चकवले आणि चेंडू चौथ्याच्या पायात घालवला. डावीकडे आमचा विंगर एकटा, मोकळा उभा होता. त्याच्याकडे पास द्यायला डावा पाय वापरावा लागला असता, आणि माझा डावा पाय नुसता उभे राहण्यापुरता आहे. सामना आम्ही १-० ने हरलो. बूट सोडताना तो विंगर एवढेच म्हणाला, "चेंडू तुझ्या घरचा हाय व्हय रं?" दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला यायचा थांबला.

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे, पण तो माझ्याविषयी नाही. तो सय्यद अब्दुल रहीम यांच्याविषयी आहे. २०२४ साली 'मैदान' हा चित्रपट आला तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. चित्रपटात सामने पुष्कळ आहेत. मला हवा होता तो सराव, आणि त्याची माहिती मिळेल तेथून वाचून गोळा करावी लागली.

रहीमसाहेब हैदराबादचे. १९०९ सालचा जन्म, शिक्षण बी. ए., पेशा शाळामास्तराचा. (आपल्या शाखेच्या पदवीचे काय होते असे विचारणाऱ्या नातेवाइकांना सांगायला हे उदाहरण बरे आहे.) १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. या संघाने मुंबईला येऊन १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक नेला. कलकत्त्याचे मातब्बर क्लब असताना एका पोलीस संघाला हे कसे साधले?

याचे उत्तर मला त्यांनी भरवलेल्या स्पर्धांत सापडते. एका प्रकारच्या स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी असे. दुसऱ्या प्रकारात खेळाडूने आपल्या कच्च्या पायानेच खेळायचे. ऐकताना हा पोरखेळ वाटतो. पण मैदानावर काय घडते ते पाहा. चकवायला मनाई झाली की चेंडू पायात आल्यावर विचार करायला सवड उरत नाही. कोणाला द्यायचा हे चेंडू येण्यापूर्वीच मान वळवून पाहून ठेवावे लागते. त्याहून मोठा फरक पडतो तो ज्यांच्याकडे चेंडू नाही त्या बाकीच्यांत. एरवी ते कंबरेवर हात ठेवून शूराची लढाई बघत असतात. आता त्यांना धावून जागा मोकळी करावीच लागते, नाहीतर खेळ तिथेच अडतो. म्हणजे बंदी एकाला आणि काम सगळ्यांना! कच्च्या पायाचेही तसेच. एकाच पायाने खेळणारा कोणीकडे वळणार हे समोरच्या बचावपटूला आधीच ठाऊक असते, त्याच्यापुरते अर्धे मैदान बंद झालेले असते.

आम्ही समजतो की ज्याला जे उत्तम येते तेच त्याच्याकडून घ्यावे. रहीमसाहेब सरावात नेमके तेच काढून घेत. ड्रिब्लिंगशी त्यांचे वैर होते असे मात्र नाही. चुनी गोस्वामींसारखा चकवणारा त्यांच्याच संघात होता. परंतु ज्याला चेंडू सोडता येतो त्यानेच तो ठेवावा, असा त्यांचा हिशेब असावा.

या विचाराची खरी कसोटी जकार्ताला लागली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्लेला भारत १९५६ ला मेलबर्नमध्ये चौथा आला होता. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत मात्र पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० ने गेला. पुढे थायलंडविरुद्ध बचावाचा खांब जर्नेलसिंग याचे डोके फुटले, टाके पडले. दुसऱ्या कोणी त्याला बाकावर बसवला असता. रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात सेंटर फॉरवर्ड केले आणि मागची जागा अरुण घोष याच्याकडे दिली. जर्नेलने त्या सामन्यात गोल केला, आणि अंतिम सामन्यातही. समोर तोच कोरिया होता, आणि सुमारे एक लाख प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांच्या गोलांवर भारत २-१ ने जिंकला. त्या संघात हाफच्या जागी गोव्याचा, मुंबईला टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनातो फ्रँको होता, त्याचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. कर्करोगाने ग्रासलेले रहीमसाहेब जून १९६३ मध्ये वारले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेले नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो तुळशीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा गरीब घरचा मुलगा. सरावाला शहरात येण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. हाच मुलगा मेलबर्नला आणि जकार्ताला खेळला. डावपेच पुस्तकात सापडतील, पण सरावाला न येणारा पोरगा का येत नाही याची चौकशी करणे त्यात नसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या फीची चौकशी एका सरांनी केली होती म्हणून मी येथे आहे. त्यामुळे ही सायकल मला कोरियावरच्या विजयाइतकीच मोठी वाटते.

दिवाळीनंतर मी त्या विंगरच्या घरी गेलो. माझ्यामुळे रुसला असेल असे मी धरून चाललो होतो. वडील फाउंड्रीत आजारी पडल्यामुळे तो सकाळी दुधाची लाईन टाकत होता. सरावाची वेळ आम्ही संध्याकाळवर नेली. आता दर रविवारी अर्धा तास बिनड्रिबलचा सामना होतो. पहिल्या रविवारी पंचाने माझ्याविरुद्ध अकरा वेळा शिट्टी फुंकली. पंच तोच होता. डाव्या पायाचे म्हणाल तर परवा माझा एक पास त्याच्यापर्यंत पोहोचला, तोही दोन टप्पे खाऊन.