जुन्या लॅपटॉपच्या चार्जरपासून बनवा हवं तेवढं व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय

घरात कुणी पोरगं इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करत असेल, तर ही माहिती त्याला जरूर वाचायला द्या. कारण आमच्या घरात ही गोष्ट थोडक्यात निभावली.

अकरावीला असलेल्या पुतण्याने मागच्या हंगामात बॅटरीच्या फवारणी पंपाचं कार्ड तपासायला घेतलं. पंप १२ व्होल्टचा. त्याने हाताला लागला तो चार्जर जोडला. तो निघाला २४ व्होल्टचा. कार्ड जळालं, धूर निघाला. त्याच गडबडीत बोर्डात खोचलेल्या उघड्या वायरीला हात लागून त्याला झटका बसला. चप्पल पायात होती, जमीन कोरडी होती म्हणून पोरगं वाचलं. टोमॅटोवर करपा दिसत होता आणि फवारणी दोन दिवस लांबली, ते वेगळंच.

त्यानंतर कोथिंबिरीच्या टेम्पोबरोबर मी भायखळ्याला गेलो. घाऊक भाजी बाजार वाशीला गेला, तरी जुन्नर-नारायणगावकडच्या लोकांना भायखळा नवीन नाही. तिथल्या चाळीत माझा मावसभाऊ राहतो. टीव्ही, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पोराला रागवू नकोस. त्याला आधी पॉवर सप्लाय बनवून दे. आणि २३० व्होल्टला हात न लावता होणारा दे."

शिकण्याच्या बाबतीत भायखळा जुनं ठिकाण आहे. आज माटुंग्याला असलेलं व्हीजेटीआय १८८७ साली स्थापन झालं, तेव्हा सुरुवातीला ते भायखळ्यातच होतं. १९२३ मध्ये ते माटुंग्याला गेलं. आणि सुट्या भागांचा लॅमिंग्टन रोडचा बाजार तिथून नागपाड्यावरून चालत अर्ध्या-पाऊण तासावर. आम्ही सामान तिथूनच आणलं.

एसी आणि डीसी म्हणजे काय?

घरातल्या बोर्डात येते ती एसी वीज. तिची दिशा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट फिरते. बॅटरीतून येते ती डीसी, एकाच दिशेने वाहणारी. मुंबईची लोकल १९२५ पासून १,५०० व्होल्ट डीसीवर धावायची. २०१६ पर्यंत हे सगळे मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर आले. आपले मोबाईल, सेन्सर, पंपाचं कार्ड मात्र आजही डीसीवरच चालतात. कुणाला ५ व्होल्ट लागतात, कुणाला ९, कुणाला १२. म्हणून बटण फिरवून व्होल्टेज बदलता येईल असा सप्लाय हवा.

लॅपटॉपचा चार्जरच का?

पुस्तकात ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि मोठा कपॅसिटर लावून सप्लाय दाखवतात. तो चांगलाच असतो. पण त्यात २३० व्होल्टची जोडणी स्वतः करावी लागते. दुसरं म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. ट्रान्सफॉर्मरमधून येणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात पडतं. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर अशा वेळी १२ व्होल्टसुद्धा देत नाही.

लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक वेळा "इनपुट १०० ते २४० व्होल्ट" लिहिलेलं असतं. म्हणजे वीज कमी असली तरी तो १९ व्होल्ट डीसी देतोच. २३० व्होल्टचा भाग बंद डबीत राहतो. ती डबी कधीही उघडायची नाही. चार्जर फुटलेला, वायर सोललेली असेल तर तो घेऊच नका.

सामान

- १९ व्होल्टचा चांगला चालणारा चार्जर आणि त्याच्या पिनला बसणारं सॉकेट
- एलएम ३१७ आयसी, मोठी हीटसिंक, अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकचं बुश
- २२० ओहमचा रेझिस्टर
- २.२ किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवायचं बटण
- ०.१ मायक्रोफॅरडचा आणि १० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा असे दोन कपॅसिटर
- १एन४००७ डायोड एक
- १ ॲम्पिअरचा फ्यूज, होल्डरसकट
- लाल-काळे टर्मिनल, प्लास्टिकची डबी, मल्टिमीटर

जोडणी

१. आधी मल्टिमीटरने चार्जरच्या पिनचा प्लस-मायनस पाहा. बहुतेकांचा आतला भाग प्लस असतो, पण अंदाजावर जाऊ नका.

२. आयसीवरचं छापील नाव आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावा पाय ॲडजस्ट, मधला आउटपुट, उजवा इनपुट.

३. चार्जरचा प्लस फ्यूजमधून इनपुटला. चार्जरचा मायनस सरळ काळ्या टर्मिनलला.

४. २२० ओहमचा रेझिस्टर आउटपुट आणि ॲडजस्टच्या मध्ये. पॉटचा मधला पाय ॲडजस्टला आणि कडेचा एक पाय मायनसला.

५. ०.१ चा कपॅसिटर इनपुट आणि मायनसच्या मध्ये, १० चा आउटपुट आणि मायनसच्या मध्ये. दहाच्या कपॅसिटरवरची मायनसची पट्टी मायनसलाच हवी. उलटा लावला तर फुटतो.

६. डायोडची पट्टीची बाजू इनपुटला, दुसरी आउटपुटला. बाहेरून उलटा करंट आला तर आयसी वाचते.

७. मधला पाय लाल टर्मिनलला.

आयसीची धातूची पाठ आतून आउटपुटला जोडलेली असते. म्हणून हीटसिंक लावताना मध्ये अभ्रक आणि स्क्रूला बुश हवंच.

हिशोब सोपा आहे

पॉटच्या ओहमला २२० ने भागा, त्यात १ मिळवा आणि १.२५ ने गुणा. पॉट ६६० ओहमवर असेल तर ३ अधिक १ म्हणजे ४, गुणिले १.२५, झाले ५ व्होल्ट. पॉट शून्यावर असेल तर १.२५ आणि पूर्ण फिरवला तर १३.७५ व्होल्ट मिळतात.

उरलेलं व्होल्टेज आयसी उष्णता करून टाकते. १९ मधून ५ व्होल्ट घेतले आणि अर्धा ॲम्पिअर ओढला, तर १४ गुणिले अर्धा म्हणजे ७ वॅट उष्णता होते. म्हणून हीटसिंक मोठी हवी, डबीला भोकं हवीत. आयसी जास्तीत जास्त दीड ॲम्पिअरची आहे, पण आपण अर्ध्याच्या आसपास थांबायचं. फार तापली तर ती स्वतःच बंद पडते. तेव्हा चार्जर काढा, थंड होऊ द्या.

वापरताना

काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज ठरवा. मग बंद करा, वस्तू जोडा, परत चालू करा. पहिली तपासणी १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीवर करा, महागाच्या कार्डवर नको. बॅटरी चार्ज करायला हा सप्लाय वापरू नका, त्याला वेगळा चार्जर लागतो. पंपाची मोटरही यावर चालवू नका, तिला करंट जास्त लागतो. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर बसून काम नको.

पुतण्याने एका रविवारी हे सगळं जोडलं. पहिल्यांदा पॉटची वायर चुकली, काटा हलेना. त्याने चार्जर काढला, कागदावरचं चित्र पुन्हा पाहिलं आणि दुरुस्त केलं. आता तो मातीतला ओलावा दाखवणारं सेन्सर ५ व्होल्टवर चालवून बघतोय. डबीवर त्याने मार्करने लिहून ठेवलंय, "आधी मीटर, मग वायर."

तुमच्याही पोरांना एवढं नक्की सांगा.