इलेक्ट्रॉनचं घड्याळ

कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या लिनॅक यंत्रात इलेक्ट्रॉनला वेग देणारं विद्युतक्षेत्र स्थिर नसतं. ते सेकंदाला सुमारे ३०० कोटी वेळा पुढे-मागे हेलकावतं. अर्ध्या हेलकाव्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम ५ सेंटीमीटर जातो. त्यामुळे इलेक्ट्रॉन कुठे आहे याइतकंच तो तिथे कधी पोचला हेही बघावं लागतं. खाडीचा नकाशा तोंडपाठ असला, तरी भरतीची वेळ चुकली की होडी गाळात रुततेच.

ही वेळ साधायची युक्ती जुनी आहे. नॉर्वेच्या रॉल्फ विडेरो यांनी जर्मनीतल्या आखेन इथे केलेला प्रयोग १९२८ साली प्रसिद्ध झाला. त्यात २५ हजार व्होल्टचा धक्का आयनांना दोनदा दिला होता. आयन पोकळ नळीच्या आत असताना बाहेरचं क्षेत्र उलटायचं, आणि ते बाहेर पडले की दुसरा धक्काही पुढच्याच दिशेने बसायचा. ऊर्जा दुप्पट.

आज असं यंत्र आधी संगणकावर चालवून बघतात. सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं जिआंट-४ हे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरता येतं. कणाच्या वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर ते आपल्या प्रोग्रामला विचारतं, ‘इथे क्षेत्र किती?’ विचारताना चार आकडे देतं: तीन जागेचे, चौथा वेळेचा. स्थिर क्षेत्रासाठी पहिले तीन पुरतात, आणि त्या सवयीने चौथा विसरला जातो. कणाची वाट आखताना स्थान आणि संवेग मिळून सहाच राशी मोजायला सांगितल्या, तर वेळ हिशेबात येतच नाही; वेळेची राशी आठवी, म्हणून आठ सांगाव्या लागतात.

खरी मेख पुढे आहे. जिआंट-४ एका कणाचा प्रवास शेवटपर्यंत नेतं आणि मगच दुसरा हाती घेतं. त्यामुळे प्रत्येक कणाबरोबरची दोन घड्याळं महत्त्वाची ठरतात: एक घटनेच्या, म्हणजे मूळ कण सुटल्यापासूनच्या साऱ्या घडामोडीच्या, आरंभापासूनचं, दुसरं त्या कणाच्या जन्मापासूनचं. धातूवर आपटून मध्येच उडालेल्या नव्या इलेक्ट्रॉनला दुसरं घड्याळ लावलं, तर त्याला भलत्याच क्षणाचं क्षेत्र भेटतं. पहिलंच लावायला हवं. शिवाय सगळे इलेक्ट्रॉन शून्य वेळेला सोडले, तर सगळ्यांना एकच क्षण मिळतो. प्रत्यक्षात काही धक्का खातात, काही अडखळतात, आणि उरलेल्यांचे पुंजके बनतात. म्हणून सुटण्याच्या वेळा पूर्ण हेलकाव्यावर पसराव्या लागतात. मला तरी या साऱ्या कामातली हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते, कारण यंत्राचा स्वभाव इथेच दिसतो.

आणखी एक. बदलतं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्राला सोबत घेऊनच येतं, हे मॅक्सवेल यांचं सांगणं. जिआंट-४ ते स्वतः सोडवत नाही; चुंबकीय क्षेत्राचे तीन आकडेही आपणच भरायचे. ते शून्य ठेवले तरी प्रोग्राम तक्रार करत नाही. लिनॅकच्या मधल्या अक्षावर ते शून्यच असतं, त्यामुळे तिथे सगळं बरोबर वाटतं. इलेक्ट्रॉन अक्षापासून जरा बाजूला सरकला, की त्याची वाट चुकू लागते.