वहीच्या शेवटच्या पानावरचा चार्ट

नववीच्या मराठीच्या वह्या तपासत होते. एका वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारलेला तक्ता दिसला. प्रत्येक घरात दोन आकडे, काही लाल पेनाने. वाटलं, गणिताचा सराव असेल. शेजारच्या सरांनी नुसती नजर टाकली आणि म्हणाले, "मॅडम, हा मटक्याचा चार्ट आहे."

मुलाला बोलावलं. तो घाबरलाही नाही. "अब्बूंना मोबाइलवरचे बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून मी उतरवून देतो." मग जरा ऐटीत म्हणाला, "टीचर, परवा तर लाइन मीच शोधली!"

त्या रात्री मी चार्ट वाचायला शिकले. आडवी ओळ म्हणजे एक आठवडा, उभे रकाने वारांचे. पूर्ण चार्टात एका घरात '२५८-५१-१४६' असं काही असतं. २५८ ही ओपनची पत्ती. बेरीज १५, म्हणून ओपन ५. क्लोजची १४६, बेरीज ११, म्हणून क्लोज १. जोडी झाली ५१. मुलाने नुसत्या जोड्या उतरवल्या होत्या. ४४, ७७ अशा जुळ्या आणि ०५, १६, ७२ अशा पाचाच्या फरकाच्या जोड्या लाल. शंभरात अशा २० आहेत, म्हणजे सरासरी पाचातलं एक घर लाल होणारच. बघणाऱ्याला मात्र तो इशारा वाटतो.

ओपन-क्लोज हे शब्द कापसाचे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव मुंबईत यायचे, त्यावर पैजा लागायच्या. १९६१ मध्ये ते थांबलं. मग कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांच्या नावाने मटका चालला, चिठ्ठ्यांवर, पत्त्यांवर. आजच्या भावाचा कालच्या भावाशी निदान काही संबंध असतो. चिठ्ठीला काल काय निघालं ते ठाऊकच नसतं.

हे त्या भाईंना सांगून पटलं नसतं. म्हणून रविवारी मी आणि माझ्या मुलीने ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. एक काढायची, लिहायची, परत टाकायची. आठ आठवडे, सहा-सहा दिवस, ४८ जोड्या. लाल पेनसुद्धा वापरलं.

पालकसभेला भाई आले, मुलगा सोबत. मी कागद पुढे ठेवला. हातभर लांब धरून त्यांनी तो पाहिला, बोट तिरकं खाली सरकलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. "कुठला बाजार हा? लाइन साफ आहे. या आठवड्यात ४१ येणार."

"आमच्या स्वयंपाकघराचा," मी म्हटलं.

ते हसले. "मग काढा पुढचे."

डबा पर्समध्येच होता. सहा दिवसांच्या सहा जोड्या काढल्या. ४१ आली नाही. चौथ्या दिवशी ६९ आली आणि भाईंनी टेबलावर थाप मारली, "आली! ४१ ची फॅमिली आहे!"

ही फॅमिली अशी: ४ चा कट ९, १ चा कट ६, शिवाय उलटसुलट. ४१, १४, ४६, ६४, ९१, १९, ९६, ६९. एका जोडीच्या आठ झाल्या. त्यातली एखादी सहा दिवसांत येण्याचा संभव शंभरात ३९. म्हणजे काहीही सांगा, पाच आठवड्यांतून दोनदा 'आली' म्हणायला मिळणारच. पण पैसे मिळतात लावलेल्या जोडीचेच.

"आठही लावल्या तर?" मुलाने विचारलं.

फळ्यावर मांडलं. प्रत्येकीवर १० रुपये, रोजचे ८०. शंभर दिवसांचे ८,०००. साधारण भाव एकाला नव्वद, आणि सरासरी आठदा लागली तर मिळाले ७,२००. आठशे गेले, तेही डबा माझ्यासारखा समोर उघडला तर. बाजारातला डबा कोण उघडतो, लावणाऱ्याला कुठे दिसतं?

सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत जुगारासोबत कौल लावायच्या बाणांचाही उल्लेख येतो. लहानपणापासून ती वाचत आले. हे दोघे शेजारी का, ते मला कागदावर फिरणारं ते बोट बघून कळलं. हरणं-जिंकणं संध्याकाळचं असतं. सकाळी चहासोबत माणूस कागदाला विचारत असतो, आज काय होणार? आणि शेजारी बसलेला मुलगा विचारायला शिकतो.

भाई बराच वेळ फळ्याकडे पाहत होते. उठताना माझा कागद उचलून म्हणाले, "हा ठेवू?" मी नाही म्हटलं नाही.

मुलाच्या वहीचं शेवटचं पान आता कोरं असतं. परवा सहज विचारलं तर म्हणाला, "अब्बूंनी चष्मा करून घेतलाय, टीचर."